तंतुवाद्यांच्या तारा : निवड आणि निगा

महाराष्ट्रांतील पुष्कळशा सुशिक्षित घरांत एखादा तंबोरा किंवा सतार असते. कोणाच्या आजोबांनीं तें वाद्य मिरजेहून आणविलेलें असतें, तर कोठें मुलीच्या संगीतशिक्षणासाठीं तें मुद्दाम विकत घेतलेलें असतें. परंतु यांतील किती वाद्यें रोज वाजतात, असा प्रश्न केला तर उत्तर समाधानकारक मिळणार नाहीं. गवसणी घातलेलें वाद्य कोपऱ्यांत उभें असतें, आणि कारण विचारल्यास "तें नीट लागत नाहीं," "खर्ज बोलत नाहीं," "तारा सारख्या तुटतात," अशीं उत्तरें ऐकूं येतात. मग दोष भोपळ्याला, दांडीला, कारागिराला, कधीं कधीं शिकणाऱ्या मुलाच्या कानालाहि दिला जातो. यांपैकीं बऱ्याच वाद्यांचा खरा दोष इतकाच असतो कीं, त्यांवर चढविलेल्या तारा त्या वाद्याच्या लांबीला आणि गाणाऱ्याच्या सुराला जुळणाऱ्या नसतात. वाद्याच्या किंमतीच्या मानानें तारांचा खर्च अगदीं किरकोळ असतो, पण त्या किरकोळ वस्तूच्या निवडीवर वाद्याचें बोलणें आणि पुष्कळ अंशीं त्याचें आयुष्यहि अवलंबून असतें. म्हणून तार कशी निवडावी, एवढ्याच विषयाचा विचार आजच्या भाषणांत करावयाचें मीं योजिलें आहे.

तंतुवाद्यांचा विषय निघाला म्हणजे मिरजेचें स्मरण होणें अपरिहार्य आहे. शस्त्रांना धार लावणारीं शिकलगारांचीं घराणीं तेथें होतीं. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हां, एकोणिसाव्या शतकांत, त्यांच्यापैकीं फरीदसाहेब शिकलगार यांनीं सतारी व तंबोरे बनविण्याची विद्या हस्तगत केली, आणि तिच्यावर पुढें पिढ्यान्पिढ्या एका अख्ख्या गल्लीचा संसार चालला. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकणारे कडू भोपळे, तुणीचें लाकूड आणि हातांतलें कसब एवढ्या भांडवलावर या मंडळींनीं देशभर नांव मिळविलें. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें आपणांपैकीं अनेकांनीं वाचलें असेल. ज्यांच्या तंबोऱ्यांची कीर्ति आजहि सांगितली जाते, ते अब्दुल करीम खांसाहेब १९३७ सालीं निवर्तेपर्यंत मिरजेचेच रहिवासी होते. तंबोरा सुरेल लावणें ही त्यांच्या दृष्टीनें गाण्याची पूर्वतयारी नसून गाण्याचाच भाग होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं श्रुतींची मोजणी करतांना खांसाहेबांच्याच गळ्याचा आधार घेतला, आणि आपले निष्कर्ष १९१० सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. कारागिराचा हात, गवयाचा कान आणि शास्त्रज्ञाची मोजणी यांचा असा संगम झालेल्या प्रदेशांत तारेची निवड मात्र अंदाजानें व्हावी, हें शोभण्यासारखें नाहीं.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. ताणलेली तार कोणत्या सुरांत बोलेल, हें तीन गोष्टींवर ठरतें: तिची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिचें वजन. मेर्सेन नांवाच्या फ्रेंच धर्मोपदेशकानें १६३६ सालीं हे नियम नीट मांडले, आणि ते आजतागायत अबाधित आहेत. लांबी निम्मी केली तर सूर बरोबर एक सप्तक चढतो. ताण चौपट केला तरीहि एकच सप्तक चढतो. आणि त्याच धातूची दुप्पट जाड तार घेऊन तितकाच ताण दिला, तर सूर एक सप्तक उतरतो. एवढे तीन नियम ध्यानांत ठेवले म्हणजे पुढचा सर्व विचार साध्या हिशेबाचा आहे.

या नियमांतून एक निष्कर्ष असा निघतो कीं, तो प्रथम ऐकणाऱ्यास खरा वाटत नाहीं. तार वारंवार तुटूं लागली कीं आपण सहजच म्हणतों, "यापेक्षां जाड तार घाला, म्हणजे टिकेल." हा समज चुकीचा आहे. जाड तार अधिक भार सोसते हें खरें. परंतु तीच तार त्याच सुराला आणावयाची तर तिला ताणहि त्याच प्रमाणांत अधिक द्यावा लागतो. जाडी दुप्पट झाली तर तारेचें बळ चौपट होतें, आणि लागणारा ताणहि चौपट होतो. म्हणजे तुटण्याचा धोका जेथल्या तेथें राहतो. वाढतो तो फक्त वाद्यावरील भार. एखाद्या लांबीवर तार किती उंच सुरापर्यंत चढेल हें तिच्या जाडीवर अवलंबून नसून, ती कोणत्या धातूची आहे आणि त्या धातूची प्रत काय आहे यावर अवलंबून असतें. जाडीनें ठरतो तो ताण. म्हणजे बोटाला तार किती कडक लागेल, आवाज किती भरदार निघेल आणि दांडीवर व तबलीवर किती ओझें पडेल, एवढेंच. तार तुटते म्हणून जाड तार चढविणारा मनुष्य तारेचें कांहीं भलें करीत नाहीं, आणि वाद्याचें मात्र नुकसान करतो.

धातूंचाहि असाच विचार आहे. वाद्यासाठीं मुद्दाम ओढलेली पोलादी तार फार बळकट असते. पितळेची तार वजनानें किंचित भारी, परंतु बळानें पोलादाच्या निम्म्याहूनहि कमी. म्हणून उंच सुराची तार पोलादाची आणि खर्जाची पितळेची, अशी वांटणी आपल्या पूर्वजांनीं केली. ती केवळ रूढि नव्हे. तंबोऱ्याची जोडी पितळेची केली तर ती आपल्या बळाच्या सीमेजवळ जाऊन पोंचते आणि आज ना उद्यां तुटते. उलट खर्जाला तीच बारीक पोलादी तार घातली तर ती इतकी सैल पडते कीं, तिच्यांतून सुराऐवजीं नुसती फडफड ऐकूं येते.

हें अधिक स्पष्ट होण्यासाठीं प्रत्यक्ष आंकडे घेऊं. पुरुष गायकाचा मोठा तंबोरा घ्या. त्याच्या घोडीपासून वरच्या आडापर्यंत तारेची मोकळी लांबी सुमारें एक मीटर आहे, आणि त्याचा षड्ज काळी एक या पट्टीचा आहे, असें धरूं. जोडीला ०.३० मिलिमीटर जाडीची पोलादी तार लावली, तर प्रत्येक तारेवर सुमारें सव्वाचार किलोचा ताण येतो. मंद्र पंचमाला ०.३६ मिलिमीटरची पोलादी तार लावली तर साडेतीन किलो, आणि खर्जाला ०.५५ मिलिमीटरची पितळी तार लावली तर चार किलो. चारहि तारांचा ताण असा जवळजवळ सारखा झाला म्हणजे बोटाला चारहि तारा सारख्या लागतात, झंकार एकसंध येतो आणि घोडीवर दाब समतोल पडतो. आतां याच तंबोऱ्याच्या खर्जाला जोडीचीच ०.३० मिलिमीटरची तार लावून पाहा. तिच्यावर जेमतेम एक किलोचा ताण राहील. "खर्ज बोलत नाहीं" या तक्रारीचें मूळ पुष्कळदां येथें सांपडतें. अशा वेळीं भोपळा बदलून उपयोग नाहीं. तार बदलली पाहिजे.

स्त्रियांच्या तंबोऱ्याची लांबी कमी असते आणि सूर उंच असतो. मोकळी लांबी ८० सेंटिमीटर आणि षड्ज काळी चारचा धरला, तर जोडीला ०.२५ मिलिमीटर पोलाद, पंचमाला ०.३० मिलिमीटर पोलाद आणि खर्जाला ०.४५ मिलिमीटर पितळ, असा संच चांगला जुळतो. गंमत अशी कीं, हिशेब केल्यास या तारांवरील ताण वरच्या मोठ्या तंबोऱ्याइतकाच निघतो. लांबी आणि सूर दोन्ही बदलले, जाडीहि बदलली, आणि भार जागच्या जागीं राहिला. याच लहान तंबोऱ्याला कोणी मोठ्याचा संच चढविला, तर जोडीच्या प्रत्येक तारेवर सव्वाचाराच्या ठिकाणीं सव्वासहा किलो ओझें पडेल. तार तुटणार नाहीं. म्हणून चूक कोणाच्या ध्यानांतहि येणार नाहीं. परंतु रात्रंदिवस, वर्षानुवर्षें तें ओझें दांडीला वांकवीत आणि तबलीला दाबीत राहील. जुन्या वाद्यांच्या तबल्या घोडीखालीं खचलेल्या दिसतात, त्याचें एक कारण हें आहे.

यावरून एक व्यवहारोपयोगी आडाखा सांगतां येईल. त्याच तारेनें पेटीवरील लगतच्या वरच्या पट्टीला जावयाचें, म्हणजे काळी एकवरून पांढरी दोनला जावयाचें, तर ताण शेंकडा १२ नें वाढतो. चार पट्ट्या वर, म्हणजे पांढरी चारला गेलें, तर तो दीडपटीहून अधिक होतो. हा वाढता भार टाळावयाचा असेल तर प्रत्येक पट्टीमागें तार शेंकडा सहानें बारीक घ्यावी. बाजारांतील इंग्रजी मोजणीचे नंबर योगायोगानें जवळजवळ याच अंतरानें बदलतात. तेव्हां सूर एक पट्टी चढला तर तारेचा नंबर एकानें वाढवावा, आणि सूर एक पट्टी उतरला तर तो एकानें कमी करावा. हा नियम ढोबळ आहे खरा, परंतु मुळींच नियम नसण्यापेक्षां तो शतपटीनें बरा. घरांत वडील काळी एकमध्यें गातात आणि मुलगी काळी चारमध्यें शिकते, अशी स्थिति असेल, तर एकाच तंबोऱ्याच्या तारा रोज चढवीत-उतरवीत बसूं नये. वाद्य कोणा एकाचें, असें ठरवून त्याच्या सुराला योग्य असा संच घालावा, आणि दुसऱ्यासाठीं दुसरें लहानसें वाद्य घेतां आलें तर पाहावें.

नंबर हा शब्द आला म्हणून खरेदीची एक अडचण येथेंच सांगून टाकतों. तारेच्या पुडीवर नंबर असतो, पण तो कोणत्या मोजणीचा आहे हें नेहमींच लिहिलेलें नसतें. इंग्रजी मोजणींत नंबर वाढला कीं तार बारीक होते. तींत २४ नंबरची तार ०.५६ मिलिमीटर, २८ नंबरची ०.३८, ३० नंबरची ०.३१ आणि ३२ नंबरची ०.२७ मिलिमीटर जाड असते. वाद्यतारांची अमेरिकन मोजणी याच्या अगदीं उलट आहे. तींत नंबर वाढला कीं तार जाड होते. गिटारच्या तारांवर तर इंचाच्या हजाराव्या भागांत जाडी छापलेली असते. अशा गोंधळांत सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे जाडी मिलिमीटरांत विचारून घेणें. शंका वाटल्यास शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेंतील स्क्रू-गेजनें ती अर्ध्या मिनिटांत मोजतां येते. जुनी चांगली बोलणारी तार तुटली तर तिचा तुकडा फेकून न देतां कागदांत गुंडाळून त्यावर "जोडी", "खर्ज" असें लिहून ठेवावा. पुढच्या खरेदीच्या वेळीं त्या तुकड्याइतका खरा साक्षीदार दुसरा मिळणार नाहीं.

प्रतीविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. चांगली वाद्यतार सर्वत्र सारख्या जाडीची आणि अगदीं गोल असते. ती कोठें जाड, कोठें बारीक असली, तर एकाच तारेंतून जणूं दोन सूर निघतात, आणि कितीहि प्रयत्न केला तरी ती लागत नाहीं. जर्मनींतील रोस्लाऊ येथील पोलादी तार आपल्याकडील कारागीर पसंत करतात, ती या एकसारखेपणासाठींच. सामान बांधण्याची साधी लोखंडी तार जाडीनें तंतोतंत जुळली तरी वाद्याला चालत नाहीं. तिचें बळ कमी असतें, आणि ताणाखालीं ती हळूहळू लांबत राहते.

सतारीची गोष्ट थोडी निराळी आहे. तंबोऱ्याच्या तारा मोकळ्याच छेडावयाच्या असतात. सतारीची बाजाची तार पडद्यावर दाबावयाची असते, आणि मींड घेण्यासाठीं आडवी ओढावयाची असते. या ओढीचा हिशेब पाहिला म्हणजे मन थक्क होतें. मध्यमाला लावलेल्या ०.३० मिलिमीटरच्या बाजाच्या तारेवर मुळांतच सुमारें सहा किलोचा ताण असतो. एका पडद्यावरून पांच स्वरांची मींड घेऊन पंचमाच्या अंतरापर्यंत सूर चढविला, तर तो ताण सव्वादोन पट, म्हणजे साडेतेरा किलोच्या घरांत जातो. एवढ्या बारीक तारेनें एवढा भार क्षणोक्षणीं उचलावा आणि पुन्हां जागेवर यावें, ही करामत उत्तम पोलादाशिवाय दुसऱ्या कोणत्याहि धातूस साधणार नाहीं. म्हणून सतारीवर कोठें काटकसर करावयाचीच असेल तर ती बाजाच्या तारेवर करूं नये. विद्यार्थ्याची बोटें कोंवळी असतील तर ही तार एक नंबर बारीक घ्यावी. परंतु त्याहून बारीक नको. तार फार सैल झाली तर पडद्यावर बोट किंचित जोरानें पडलें तरी सूर चढतो, आणि मुलाचा कान त्या चढलेल्या सुरालाच खरा मानूं लागतो. उलट फार जाड तारेनें बोटें सोलून निघतात, मींड अर्ध्यावरच अडते, आणि कांहीं आठवड्यांतच "सतार अवघड आहे" असें म्हणून मूल ती सोडून देतें. दोन्ही प्रकारांत हानि त्या मुलाचीच होते, आणि ती केवळ तारेपायीं.

सतारीच्या जोडीची तार पितळेपेक्षां फॉस्फर-ब्राँझची घेतल्यास अधिक टिकते, कारण तिला षड्जापर्यंत चढावें लागतें आणि साध्या पितळेस तो ताण जड जातो. तरफांना मात्र बारीक पोलादी तारच हवी. ती साधारणतः पाव मिलिमीटरच्या आसपास असते. तरफा जाड घातल्या तर त्या बाजाच्या सुरानें चटकन जाग्या होत नाहींत, आणि दहाबारा तारांचा एकत्रित भार दांडीला विनाकारण सोसावा लागतो. संच विकत घेण्यापूर्वीं आपले गुरु कोणत्या पद्धतीनें सतार लावतात हें त्यांना अवश्य विचारावें. पंडित रविशंकर यांच्या पद्धतींत खर्जाच्या जाड तारा असतात. उस्ताद विलायत खां यांच्या पद्धतींत त्या नसून त्यांच्या जागीं वरच्या सुरांच्या तारा येतात. एका पद्धतीचा संच दुसऱ्या पद्धतीच्या सतारीवर चढविणें म्हणजे एकाचा अंगरखा दुसऱ्यास घालण्यासारखें आहे.

आजकाल शहरांतील तरुण मंडळींच्या हातीं गिटारहि दिसते, आणि गोव्याकडील कुटुंबांत तर गिटार व मँडोलिन पूर्वींपासून आहेत. त्यांच्यासाठीं एकच इशारा पुरेसा आहे. गिटार दोन जातींची असते. एक नायलॉनच्या तारांची, दुसरी पोलादी तारांची. पहिल्या जातीला पूर्वीं आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्या दुर्मिळ झाल्या, आणि त्यांची जागा नायलॉननें घेतली. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारें चाळीस किलो असतो. पोलादी तारांचा सौम्य संच घेतला तरी तो सत्तर किलोंच्या वर जातो. पहिल्या जातीच्या गिटारवर "आवाज मोठा येईल" म्हणून पोलादी तारा चढविल्या, तर तिची सरसानें चिकटविलेली घोडी उपटून येण्याचा किंवा तबली फुगण्याचा संभव असतो. गिटारच्या खालच्या सुरांच्या तारांवर बारीक तारेचें वेटोळें गुंडाळलेलें असतें, तेंहि शोभेसाठीं नाहीं. एकसंध तार फार जाड केली तर ती सळईसारखी ताठ होते, आणि तिच्या सुरांतील गोडवा जातो. वेटोळ्यामुळें वजन वाढतें आणि लवचिकपणाहि कायम राहतो.

तार निवडली, आतां ती चढवावयाची कशी? सर्व तारा एकदम काढूं नयेत. पुष्कळ तंबोऱ्यांत घोडी तारांच्या दाबावरच बसलेली असते. सगळ्या तारा निघाल्या तर ती जागा सोडते, आणि मग तिची बैठक पुन्हां जमविणें हें नवख्याचें काम नव्हे. एक तार काढावी, तिच्या जागीं नवी घालावी, ती निम्म्या सुरापर्यंत आणावी, आणि मग दुसरीला हात लावावा. तारेला कोठेंहि मुरड पडूं देऊं नये. जेथें मुरड पडते तेथेंच ती पुढें तुटते. खुंटीवर तीनचार वेढे नीट शेजारीं-शेजारीं बसवावे. नवी तार पहिले दोनतीन दिवस उतरत राहते, त्यानें घाबरून जाऊं नये. तारेची जाडी बदलली असेल तर घोडीवरील जवारीचें सूत पुन्हां सरकवून पाहावें, कारण सैल तार आणि कडक तार घोडीच्या उतारावर सारख्या टेंकत नाहींत. सूत सरकवूनहि झंकार खुलला नाहीं, तर जवारी जाणत्या कारागिराकडूनच काढवून घ्यावी. कानस घेऊन घरींच प्रयोग करूं नये. घोडीचा तो उतार एकदां बिघडला कीं, नवी घोडी करण्यावांचून पुष्कळदां गत्यंतर राहत नाहीं.

आतां निगेविषयीं. पुणें जिल्ह्यांतील मुळशी तालुक्यांत, धरणाच्या परिसरांत, माले नांवाचें गांव आहे. १९२१ सालच्या सत्याग्रहामुळें मुळशीचें नांव सर्व महाराष्ट्रास ठाऊक झालें. येथें मी त्या भागाचें नांव काढीत आहें तें तेथल्या पावसासाठीं. पुणें शहरांत वर्षाला सुमारें ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. मालेवरून पुढें ताम्हिणीच्या घाटाकडे गेलें म्हणजे हा आंकडा कित्येक पटींनीं वाढतो. आषाढ-श्रावणांत दिवसचे दिवस उन्हाची तिरीप दिसत नाहीं. अशा गांवीं पुण्यांतला सतारीचा संच नेला, तर पोलादी तारांवर थोड्याच दिवसांत गंजाचे बारीक ठिपके दिसूं लागतात. हे ठिपके म्हणजे तारेला पडलेले अगदीं लहान खड्डे होत. तेथें तार बारीक होते, सूर दुभंगतो, आणि शेवटीं तार तेथेंच तुटते. त्याच वेळीं लांकूड फुगून खुंट्या घट्ट बसतात, आणि जोर लावून पिळतांना चांगली तारहि तुटून जाते.

मुळशी-मावळांतील गांवांत हरिनाम सप्ताहाच्या वेळीं विणेकऱ्याच्या गळ्यांतील वीणा खालीं ठेवीत नाहींत. ती एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत जाते आणि अहोरात्र वाजत राहते. त्या विण्याच्या तारांना घामाचाहि स्पर्श होतो, आणि घामांतील क्षार पाण्याहून अधिक घातक असतो. यावर उपाय साधाच आहे. वाजवून झालें कीं कोरड्या, मऊ फडक्यानें प्रत्येक तार वरून आणि खालून पुसावी. जादा तारा कोरड्या, झांकणाच्या डब्यांत ठेवाव्या. पावसाळ्यांत वाद्य भिंतीस टेंकवून न ठेवतां ओलीपासून दूर ठेवावें, आणि फार दिवस वाजवावयाचें नसेल तर तारा दोनतीन पट्ट्या उतरवून ठेवाव्या. मात्र पूर्ण सोडूं नयेत. गंजलेली तार घासून चकचकीत करण्याचा खटाटोप व्यर्थ आहे, ती बदलावी. आणि खर्जाची पितळी तार दिव्यांच्या उष्णतेनें मैफलींत इतर तारांच्या आधीं उतरली, तर वाद्याला दोष देऊं नये. पितळ उष्णतेनें पोलादापेक्षां अधिक प्रसरण पावतें, आणि खर्जाचा सूर खालचा असल्यामुळें त्या तारेवरील ताण तिच्या जाडीच्या मानानें फार कमी असतो. म्हणून थोड्याशा प्रसरणानेंहि तिचा सूर ढळतो. ती पुन्हां लावावी, एवढेंच.

श्रोतेहो, तंबोऱ्याचा आवाज काढणारीं विजेचीं यंत्रें आज घरोघर आहेत, आणि त्यांची सोय मी नाकारीत नाहीं. परंतु यंत्रानें सूर आयता मिळतो; तो लावण्याची विद्या मिळत नाहीं. मुलानें खुंटी पिळून, मणी सरकवून, दोन तारा एकमेकींत मिसळेपर्यंत कान लावून बसावें, यांत त्याच्या कानाला जें शिक्षण मिळतें, तें नुसती कळ दाबून मिळणार नाहीं. हें शिक्षण व्हावयाचें तर घरांतला तंबोरा लागण्याजोगा असला पाहिजे. म्हणून माझी विनंति एवढीच आहे. येत्या रविवारीं गवसणी काढा. घोडीपासून आडापर्यंत तारेची लांबी मोजा. घरांत गाणाऱ्याचा सूर पेटीवर नक्की करा. हे दोन आंकडे कागदावर लिहा, आणि तारांची मागणी करतांना दुकानदारास किंवा मिरजेच्या कारागिरास ते प्रथम कळवा. "एक तंबोऱ्याचा संच द्या" असें म्हणणाऱ्या गिऱ्हाइकास तो अंदाजानें संच देतो. लांबी व पट्टी सांगणाऱ्यास तो विचार करून देतो. त्याच्या वडिलांनीं-आजोबांनीं जी विद्या जतन केली, तिची किंमत ओळखण्याचाहि हाच एक चांगला मार्ग आहे.